यकृतातील दुय्यम अर्बुद आणि पेशींची आसंजक प्रथिने

कर्करोगाच्या रुग्णाचा मृत्यू बहुधा मूळ गाठीमुळे ओढवत नाही. त्या गाठीतून निसटलेल्या पेशी दूरच्या अवयवात जाऊन रुजतात आणि तेथे घात करतात. अशा अवयवांत यकृताचा क्रमांक फार वरचा आहे. मोठे आतडे, स्वादुपिंड, जठर, स्तन, फुप्फुस अशा अनेक स्थानांचे कर्करोग यकृतात उतरतात. आपल्यापुढे मात्र असा रुग्ण ‘कर्करोगाचा रुग्ण’ म्हणून क्वचितच येतो. अन्नद्वेष, उजव्या कुशीत जडपणा, कावीळ, पोटात पाणी, वजनात घट या तक्रारी घेऊन तो येतो आणि ‘लिव्हरचे औषध द्या’ असे सांगतो. औषधालयाच्या गल्ल्यावरही तो याच मागणीने उभा राहतो.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. रक्तात शिरलेली कर्कपेशी यकृतातच का चिकटते, हा पहिला. हे समजल्याने आपल्या दैनंदिन व्यवहारात काय बदलावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पेशींच्या पृष्ठभागावरील आसंजक प्रथिनांत आहे. पेशीला शेजारच्या पेशीशी, तसेच आधारभूत तंतूंशी धरून ठेवणारी ही प्रथिने होत.

मूळ स्थान सुटते कसे?

त्वचा, आतड्याचे अस्तर, स्तनातील नलिका यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे धरण्याचे काम प्रामुख्याने कॅडहेरिन या प्रथिनांचे कुल करते. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी या कुलाचा शोध लावला. ही प्रथिने कॅल्शियमच्या उपस्थितीतच कार्य करतात. अस्तराच्या पेशींत असते ते ई-कॅडहेरिन. त्याचा एक भाग पेशीबाहेर राहून शेजारणीचा हात धरतो, तर आतील भाग कॅटेनिन कुलातील प्रथिनांच्या द्वारे पेशीच्या आंतरिक सांगाड्याशी जोडलेला असतो. जवळच डेस्मोसोम नावाचे अधिक बळकट सांधे असतात. त्यांत प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन इत्यादी प्रथिने असतात.

ही पकड ढिली झाली की पेशी आपली जागा सोडू लागते. ई-कॅडहेरिनचे महत्त्व किती, हे न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ साली स्पष्ट झाले. त्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत होता आणि त्याचे मूळ ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोषात सापडले.

महाराष्ट्रातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, प्रयोगशाळा उभारली. त्याच परंपरेतील संस्था आज नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ म्हणून ओळखली जाते. ॲक्ट्रेकमधील डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींतील प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन त्यांनी कमी केले. त्याबरोबर पेशींची परस्परांवरील पकड कमी झाली, त्यांचे स्थलांतर वाढले आणि उंदरांच्या शरीरात त्या दूरवर पसरू लागल्या. सांध्यातील एक प्रथिन उणे झाले की पेशीचा स्वभाव कसा पालटतो, हे यावरून दिसते.

प्रवास आणि त्यातील नाश

रक्तात शिरलेल्या कर्कपेशींपैकी फारच थोड्या जगतात. आयझाया फिडलर यांनी १९७० च्या सुमारास किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. त्यांतून दुय्यम गाठ करण्यापर्यंत टिकणाऱ्या पेशींचे प्रमाण दहा हजारांत एखादी इतके अल्प होते. रक्ताचा वेग, नैसर्गिक रोगप्रतिकार आणि आधार सुटल्याने पेशीला येणारा मृत्यू ही त्याची कारणे.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. मूळ स्थान सोडताना पकड ढिली होणे पेशीच्या सोयीचे असते, पण प्रवासात तीच पकड तिला वाचवते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात, रक्तात झुबक्याने फिरणाऱ्या कर्कपेशींची दुय्यम गाठ करण्याची क्षमता एकेकट्या पेशींच्या तुलनेत २३ ते ५० पट आढळली. हा झुबका एकत्र ठेवण्यात प्लाकोग्लोबिनचा वाटा होता. पुढे २०१९ साली स्तनकर्करोगाच्या प्रायोगिक नमुन्यांत असे दिसले की, ई-कॅडहेरिन काढून टाकल्यास पेशी आजूबाजूला अधिक घुसतात खऱ्या, परंतु दूर जाऊन जगण्याची त्यांची शक्ती घटते. तेव्हा आसंजक प्रथिनांना सरसकट ‘हितकर’ किंवा ‘अहितकर’ ठरविता येत नाही. एकच प्रथिन रोगाच्या एका अवस्थेत अडसर ठरते आणि दुसऱ्या अवस्थेत आधार.

यकृतच का?

पहिले उत्तर रक्ताभिसरणाचे आहे. आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचे रक्त प्रतिहारिणी शिरेतून थेट यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या शिरेचे असते. यकृतातील सायनुसॉइड नावाच्या सूक्ष्म रक्तपोकळ्यांत प्रवाह मंद असतो, त्यांच्या अस्तराला छिद्रे असतात आणि अस्तराखाली अखंड आधारपटल नसते. म्हणून अडकलेल्या पेशीला बाहेर पडणे सोपे जाते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२८ साली प्रसाराचे स्पष्टीकरण या प्रवाहमार्गावरच आधारले होते.

परंतु स्तनाचे रक्त प्रतिहारिणीत जात नाही, तरीही स्तनकर्करोग यकृतात पसरतो. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनकर्करोगाने मृत झालेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यकृतात दुय्यम गाठी २४१ जणींत होत्या, प्लीहेत केवळ १७ जणींत. प्लीहेलाही रक्तपुरवठा भरपूर असताना हा फरक का? पॅजेट यांनी बीज आणि भूमी यांची उपमा दिली: बी सर्वत्र उडते, उगवते मात्र अनुकूल जमिनीतच. या ‘अनुकूलते’चा रासायनिक अर्थ आज आपल्याला काही प्रमाणात कळतो, आणि त्यात तीन गोष्टी ठळक आहेत.

पहिली गोष्ट सिलेक्टिन प्रथिनांची. कर्कपेशी सायनुसॉइडमध्ये येताच यकृतातील कुप्फर पेशी चेतवल्या जातात आणि दाहजनक द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने रक्तपोकळीच्या अस्तरावर ई-सिलेक्टिन उमटते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे काही तासांतच घडलेले दिसले आहे. वास्तविक ई-सिलेक्टिनचे काम श्वेतकणांना दाहस्थानी थांबविण्याचे आहे. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करासाखळ्यांच्या बळावर त्याच हाताला धरून थांबते.

दुसरी गोष्ट इंटेग्रिन प्रथिनांची. सिलेक्टिनची पकड हलकी व क्षणिक असते. पक्की पकड कर्कपेशीवरील इंटेग्रिन घेतात आणि अस्तरापलीकडील कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन इत्यादी तंतुमय द्रव्यांना चिकटतात. ही पकड पेशीला ‘आधार मिळाला, आता जग’ असा संकेतही आत पोहोचविते.

तिसरी गोष्ट भूमी आधीच तयार होण्याची. कर्कपेशी एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुटिका रक्तात सोडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या पुटिकांवर अल्फा-व्ही-बीटा-५ हे इंटेग्रिन होते त्या यकृताकडे, तर ज्यांवर अल्फा-६ जातीची इंटेग्रिन होती त्या फुप्फुसाकडे वळल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, स्वादुपिंडाच्या कर्कपेशींच्या पुटिका कुप्फर पेशींनी गिळल्यावर यकृतात फायब्रोनेक्टिन साचू लागले. म्हणजे पेशी येण्यापूर्वीच तिच्यासाठी बैठक मांडली जाते.

आपल्या हातातील अहवालावर

हे सर्व दूरच्या प्रयोगशाळांतील ज्ञान वाटेल. परंतु रुग्ण आपल्यापुढे जो रक्ताचा अहवाल ठेवतो, त्यावर याच कुळातील दोन नावे असतात.

सीईए हे स्वतःच एक आसंजक प्रथिन आहे. कॅनडातील गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ साली त्याचा शोध लावला. ते पेशींना परस्परांशी जोडू शकते हे नंतर कळले. रक्तातील सीईए काढून टाकण्याचे काम मुख्यत्वे यकृत करते. कुप्फर पेशी ते उचलतात आणि तसे करताना दाहजनक द्रव्येही सोडतात. त्यामुळे अस्तर अधिक चिकट बनते. प्रसाराची खूण म्हणून आपण जे मोजतो ते प्रसाराला हातभारही लावते, असे प्रायोगिक पुरावे सांगतात. धूम्रपान करणाऱ्यांत व यकृताच्या इतर विकारांतही सीईए काहीसे वाढते, म्हणून एकट्या आकड्यावरून निदान करू नये. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ते क्रमशः वाढत असेल तर रुग्णाला त्वरित त्याच्या शल्यचिकित्सकाकडे परत पाठवावे.

सीए १९-९ या चाचणीत मोजली जाते ती सियालिल लुईस-ए ही शर्करासाखळी. ई-सिलेक्टिन ज्यांना पकडते त्या साखळ्यांपैकी ही एक. पित्तमार्गाच्या साध्या अवरोधातही तिचे प्रमाण वाढते. उलट शंभरांपैकी पाच ते दहा माणसांच्या शरीरात ही साखळी जन्मतःच तयार होत नाही. त्यांच्यात कर्करोग असूनही अहवाल सामान्य येऊ शकतो.

खवैगुण्य आणि अध्यर्बुद

वरील विवेचन वाचताना वैद्यवर्गाला सुश्रुताचे खवैगुण्य आठवल्यावाचून राहणार नाही. प्रकुपित दोष शरीरभर संचार करतात आणि जेथे स्रोतसात वैगुण्य असेल तेथे अडकून व्याधी उत्पन्न करतात, हा सिद्धान्त सूत्रस्थानात आला आहे. निदानस्थानातील अर्बुदप्रकरणात पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणाऱ्या अध्यर्बुदाचा, तसेच एकाच वेळी अथवा क्रमाने होणाऱ्या द्विरर्बुदाचा उल्लेख आहे, आणि द्विरर्बुद असाध्य सांगितले आहे. चरकाने यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूळस्थाने मानली आहेत. ‘काय फिरते’ याबरोबरच ‘कोठे थांबते’ हेही विचारले पाहिजे, ही दृष्टी आपल्या शास्त्रात प्राचीन आहे आणि तिचा सार्थ अभिमान बाळगावा.

तथापि हे साम्य दृष्टीचे आहे, तपशिलाचे नाही. आचार्यांनी कॅडहेरिन किंवा सिलेक्टिन वर्णिले होते असे म्हणणे त्यांच्यावर आपले शब्द लादणे होय. शिवाय एक निरीक्षण आपल्याला सावध करते. सिरॉसिसने कठीण झालेल्या यकृतात दुय्यम अर्बुदे तुलनेने कमी आढळतात, असे शवविच्छेदनाच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे ‘वैगुण्य’ याचा अर्थ सरळ ‘दुबळे यकृत’ असा घेतला तर तो येथे लागू पडत नाही. सुदृढ दिसणारे यकृतही कर्कपेशीला मानवते. त्यामुळे ‘यकृत बळकट ठेवा, कर्करोग तेथे जाणार नाही’ असे आश्वासन रुग्णाला देण्यास शास्त्राधार नाही.

हळदीविषयी

आमचे डोंगरकडा कळमनुरी तालुक्यात, हळदीच्या शिवारात आहे. शेजारच्या वसमतची हळदीची बाजारपेठ तर सर्वदूर प्रसिद्ध आहे. साहजिकच ‘हळद खाल्ली की कॅन्सर पसरत नाही’ हे वाक्य आमच्या भागात वारंवार कानी पडते. त्याची तपासणी याच विषयाच्या अंगाने करता येते, कारण पुरावा उपलब्ध आहे.

हळदीतील करक्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेतील काचपात्रात रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवर ई-सिलेक्टिन व तत्सम आसंजक प्रथिने उमटू देत नाही, हे १९९८ पासून ज्ञात आहे. निष्कर्ष खरा आहे आणि आशादायक आहे. पण पोटात घेतलेले करक्युमिन यकृतापर्यंत पोहोचते का? इंग्लंडमधील लेस्टर येथे नेमका हाच प्रश्न विचारला गेला. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या १२ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा तोंडावाटे करक्युमिन देण्यात आले. सर्वाधिक मात्रा दिवसाला ३६०० मिलिग्रॅम होती. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तात करक्युमिन अत्यल्प सापडले, यकृताच्या ऊतीत सापडलेच नाही; तेथे होते ते त्याच्या रूपांतरित द्रव्यांचे केवळ अंश. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात आतड्याच्या अस्तरात मात्र ते मोजण्याइतके मिळाले. ते आतड्यापर्यंत जाते, यकृतापर्यंत त्या रूपात जात नाही, असा याचा सरळ अर्थ.

यावर तोड म्हणून काळ्या मिरीतील पिपेरिन मिसळलेली उत्पादने बाजारात आली. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली पिपेरिनमुळे करक्युमिनचे रक्तातील शोषण वीसपट होते असे दाखविले होते. परंतु शोषण वाढले की जोखीमही वाढू शकते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या पूरक उत्पादनांमुळे झालेल्या यकृतदाहाचे १० रुग्ण नोंदले गेले. ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती. स्वयंपाकातील हळदीला यातून दोष लागत नाही. मात्र ज्याच्या यकृतात आधीच गाठी आहेत आणि ज्याची केमोथेरपी यकृताच्या चाचण्या पाहून ठरते, अशा रुग्णाला तीव्र शोषणाच्या गोळ्या कोणालाही न सांगता देणे धोक्याचे आहे.

आधुनिक औषधांचीही या वाटेवर फजिती झाली आहे. अल्फा-व्ही-बीटा-३ आणि अल्फा-व्ही-बीटा-५ ही इंटेग्रिन रोखणारे सिलेन्जिटाइड हे औषध प्रयोगशाळेत प्रभावी ठरले होते. २०१४ साली मेंदूच्या अर्बुदावरील मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही. पकडण्याच्या वाटा अनेक असल्या की एक वाट बंद करून भागत नाही. एखाद्या द्रव्याने काचपात्रात आसंजन रोखले एवढ्यावरून त्याला ‘प्रसाररोधक’ म्हणू नये, मग ते द्रव्य वनस्पतीचे असो वा कारखान्यातील.

आपले कर्तव्य

यकृतात पसरलेला प्रत्येक कर्करोग असाध्यच, ही समजूत आता सोडावी लागेल. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात यकृतातील गाठी मोजक्या असतील तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतात आणि अशा निवडक रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ही संधी ठरावीक काळच खुली असते. तो काळ मूळव्याधीच्या वटीत आणि कावीळीच्या काढ्यात गेला तर गाठी वाढतात व शस्त्रक्रियेची मर्यादा ओलांडली जाते. आमच्या भागात कावीळ म्हटली की प्रथम झाडपाल्याचे औषध, मग पथ्य, मग वैद्य, आणि सर्वांत शेवटी सोनोग्राफी असा क्रम आजही दिसतो. हा क्रम बदलणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक चिकित्सालयात पाळल्या जाव्यात. चाळिशीपुढील रुग्णाला मलावाटे रक्त जात असेल तर गुदपरीक्षा केल्याशिवाय अर्शाचे औषध सुरू करू नये. मलप्रवृत्तीची सवय बदलली असेल तर आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुचवावी. यकृत हाताला कठीण किंवा गाठाळ लागले, वेदनारहित कावीळ झाली, दोन आठवड्यांत कावीळ उतरली नाही, किंवा विनाकारण वजन घटले, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. स्त्रीरुग्णाला स्तनातील गाठीविषयी आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी आवर्जून विचारावे. पाच-सात वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया रुग्ण स्वतःहून सांगत नाही. संशय आल्यास नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे लेखी चिठ्ठीसह पाठवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हे त्याच वेळी सांगावे. खर्चाच्या भीतीनेच अनेक जण घरी परततात.

औषधालयचालकांनीही आपला वाटा उचलावा. तेच ते यकृतबल्य औषध महिनोन्‌महिने चिठ्ठीविना नेणाऱ्या ग्राहकाला ‘तपासणी झाली का?’ एवढे विचारावे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याचा अथवा रोखण्याचा दावा करणारी जाहिरात लावणे हा गुन्हा ठरतो. असा फलक दुकानात असल्यास तो उतरवावा.

केवळ विचारपूस आणि माहिती यांनी काय साधते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांची माहिती देत राहिले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. तेथे नवे औषध दिले गेले नव्हते.

उपचार सुरू झाल्यावरही आयुर्वेदाला स्थान आहे. अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा, मुखपाक, बलक्षय यांकडे लक्ष देऊन रुग्णाचे दिवस सुसह्य करणे हे आपले काम आहे. ते कर्करोगतज्ज्ञाला कळवून, दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा लिहून द्यावे. धातुघटित कल्प आणि तीव्र अर्क यकृताच्या चाचण्या पाहिल्याशिवाय देऊ नयेत.

कर्कपेशी मूळ गाठीपासून सुटते, वाहते आणि यकृतात चिकटते, या तिन्ही टप्प्यांवर आसंजक प्रथिनांची सत्ता चालते. ती रोखणारे विश्वसनीय औषध आज कोणत्याही शास्त्राच्या पेटीत नाही. तोपर्यंत पेशी सुटण्यापूर्वी मूळ गाठ ओळखणे, आणि सुटली असल्यास यकृतातील गाठी मोजक्या असतानाच रुग्णाला योग्य जागी पोहोचविणे, एवढे तरी गावातील वैद्याला निश्चित करता येते. इत्यलम्‌।